हात खाली येईपर्यंत

शंभर किलो मी उचललं होतं. आष्ट्याच्या त्या मंगल कार्यालयात बसलेल्या दीड-दोनशे माणसांनी डोळ्यांनी बघितलं होतं. दांडा जमिनीवरून सुटला, मांड्यांपर्यंत आला, मी उभी राहिले आणि जराही आवाज न करता तो परत खाली ठेवला. तरी समोरच्या लाकडी खोक्यावरचे तिन्ही दिवे लाल लागले.

लाल दिवा म्हणजे पंचाला मान्य नाही. तीन लाल म्हणजे तिन्ही पंचांना मान्य नाही. मी कमरेचा पट्टा सैल करत स्टेजच्या कडेला आले. तिथं आमचे वस्ताद, हिंदुराव ऐनापुरे, धोतराचा सोगा मुठीत धरून उभे होते. सत्तरी गाठलेला, कुस्तीत दोन्ही कान चुरगळून घेतलेला माणूस, पण त्या घडीला चेहरा पाढा विसरलेल्या पोरासारखा झाला होता.

"काय चुकलं, वस्ताद?"

"गुडघं," ते म्हणाले. "गुडघं ताठ झालं नसतील."

"झालं की ताठ."

"मग बाजूच्या पंचांस्नी दिसलं नसंल. अजून दोन येळा हायत. भिऊ नको."

भ्याले होते ते स्वतःच. मी अजून भ्याले नव्हते, कारण शंभर किलो मला जड गेलंच नव्हतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात आया म्हणून कामाला होते. हजेरीपटावर मालन ऐवळे, वॉर्डात मालनमावशी. सोळा वर्षं मी माणसं उचलली. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून खाटेवर, कधी चादरीसकट, कधी एकटीनं काखेत हात घालून. चाळिशीला माझी कंबर धरली. सकाळी उठताना खाटेची कड धरून पाच मिनिटं बसावं लागायचं. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईनं दवाखान्यात दाखवावं की नाही? पण मी गेले वेताळ गल्लीतल्या तालमीत, वस्तादांकडं. मिरजेत निखळलेलं हाड आणि धरलेली कंबर वस्तादांकडंच न्यायची, ही आमची रीत.

वस्तादांनी कंबर चेपून बघितली आणि म्हणाले, "कंबर गेली न्हाई तुजी. झोपलीया. तिला उठवाय पायजे." तेल लावून देतील म्हणून गेले होते, त्यांनी माझ्या हातात लोखंडी दांडा दिला. मला वाटलं, म्हातारा चळला. पण तीन महिन्यांत मी सकाळी उडी मारून उठायला लागले.

तालमीच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तिच्यात गणपतीच्या मांडवाचं सामान पडलेलं असायचं, वासे, ताडपत्र्या, थर्माकोलचे खांब. वस्तादांनी ते एका अंगाला सारलं आणि दुपारी दोन ते चार ही वेळ बायकांना दिली. आम्ही पाचजणी जमलो. बेकरीत पाव भाजणारी शबाना नदाफ माझी जोडीदारीण, सव्वीस वर्षांची, जिभेनं तिखट आणि मनानं लोणी. बाकीच्या तिघी मुलांच्या शाळा सांभाळून यायच्या. ते दोन तास मला कुणी हाक मारत नसे. ना "मावशी बेडपॅन", ना "आई भाकरी". माझ्या आयुष्यात असे दोन तास पूर्वी कधी नव्हते.

तालमीचे अध्यक्ष आण्णा खोत यांच्या नाकाला त्यामुळं मिरच्या झोंबल्या. वेताळाची तालीम, आजोबा-पणजोबांची, तिथं बायका म्हणजे काय! पण वस्तादांना तोंडावर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. मग आण्णांनी सभेत एक तोडगा काढला.

"वरीसभर करू द्या," ते म्हणाले. "पण ही तालीम हाय, हवापालटाची जागा न्हाई. जिल्ह्याच्या स्पर्धेत एकीनं तरी टोटल आणली, तर खोली बायकांची. न्हाई आणली तर गणपतीचं सामान परत पसरू."

टोटल म्हणजे बेरीज. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात. दांडा खांद्यावर घेऊन बैठक मारायची, त्याला स्क्वॉट म्हणतात. बाकावर उताणं पडून छातीवरून वर ढकलायचा, तो बेंच प्रेस. आणि जमिनीवरून उचलायचा, तो डेडलिफ्ट. प्रत्येकात तीन संधी. तिन्ही प्रकारांतलं आपलं चांगलं वजन मिळवायचं, ती टोटल. पण एका जरी प्रकारात तिन्ही संधी वाया गेल्या, तर बाकीचं सगळं पाण्यात. नावापुढं नुसती रेघ मारतात.

आष्ट्याला आम्ही दोघीच उतरलो, शबाना आणि मी. घरी मी "आष्ट्याला लग्नाला चाललेय" असं सांगून निघाले होते. मंगल कार्यालयातच स्पर्धा असल्यामुळं ते अगदीच खोटं नव्हतं. स्टेजच्या मागच्या भिंतीवर आदल्या दिवशीच्या नवरा-नवरीची नावंसुद्धा तशीच होती. अंगाला चिकटलेला तो स्पर्धेचा पोशाख मात्र लग्नाचा नव्हता. पाळी येईपर्यंत मी वरून शाल गुंडाळून बसले होते.

शबाना सकाळीच बाद झाली. स्क्वॉटला पुरेशी खाली बसत नाही म्हणून तीनदा लाल दिवा. ती रडली नाही, भिंतीकडं तोंड करून केळं खात बसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मालनक्का, आता खोली तुज्या हातात हाय गं." माझे स्क्वॉटचे ऐंशी किलो झाले. बेंचचे चाळीस झाले. राहिला डेडलिफ्ट, आणि तो तर माझा घरचा. तालमीत वस्तादांनी स्क्वॉटचे आणि बेंचचे पंचांचे सगळे हुकूम आमच्याकडून महिनाभर घोटून घेतले होते. नियमांची एक फाटकी इंग्रजी पुस्तिका त्यांनी कुठून तरी पैदा केली होती. डेडलिफ्टचं पान आलं तेव्हा त्यांनी ते उलटलं आणि हसून म्हणाले, "हे तुला काय शिकवायचं? तुजं तर रोजचं काम हाय." मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्यांदा माझं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत आण्णा खोत बसले होते. त्यांचा पुतण्या पुरुषांच्या गटात होता, म्हणून ते आले होते, पण मी स्टेजवर आले की पुढं झुकून बघायचे. मी हाताला पांढरी पावडर लावली. वाकले, दांडा धरला, उचलला. गुडघे असे ताठ केले की मांड्या थरथरल्या. आणि पहिल्यापेक्षाही अलगद खाली ठेवला. एवढा अलगद की जवळच्या माणसालासुद्धा लोखंड टेकल्याचं कळलं नसेल.

तीन लाल.

हॉलमध्ये कुणीतरी "आरारा" म्हणालं. आण्णा मागं रेलले आणि त्यांनी शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारचा हसला. तेव्हा मात्र मी भ्याले. वजन उचलता आलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. पण उचलूनही जमत नाही म्हटल्यावर पुढं करायचं काय? उद्यापासून त्या खोलीत वासे आणि ताडपत्र्या, आणि आम्ही पाचजणी आपापल्या घरी, हे मला समोर दिसायला लागलं.

"आता काय करू, वस्ताद?"

वस्तादांनी पुस्तिका काढली होती. चष्मा आणला नव्हता म्हणून ती हातभर लांब धरून वाचायला बघत होते. "तूच बग," म्हणाले. पण त्यातलं इंग्रजी मला कुठलं येतंय?

"विचारून ये की, अक्का," शबाना म्हणाली. "जीभ दिलीया न्हवं देवानं?"

विचारायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. सोळा वर्षांत मी कुणा डॉक्टरला "का" म्हणून विचारलं नव्हतं. मी शाल गुंडाळली आणि मधल्या खुर्चीवरच्या मुख्य पंचांकडं गेले. त्या एका शाळेत पीटी शिकवणाऱ्या बेडगकर बाई होत्या. बॉबकट, गळ्यात शिट्टी, माझ्याच वयाच्या. पुढच्या बाईच्या वजनाच्या थाळ्या चढत होत्या, तेवढाच वेळ होता.

"बाई, माझं काय चुकतंय?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

"काय?"

"ताई, तुम्ही उचलता छान. पण वर आल्यावर थांबतच नाही. मी हात वर धरून बसलेली असते. तुम्ही ताठ उभ्या राहिलात, हलायच्या थांबलात, की मग मी हात खाली आणते आणि 'डाउन' म्हणते. त्यानंतर खाली ठेवायचं. तुम्ही दोन्ही वेळेला माझ्याकडं न बघताच ठेवून मोकळ्या झालात."

"उचलल्यावर लगेच ठेवायचं नाही?"

"नाही. इथं उचललेलं दिसावं लागतं."

मी तिथंच उभी राहिले. मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. कारण हे मी तालमीत शिकलेच नव्हते. हे मला शिकवलं होतं वॉर्डातल्या जुन्या आया फुलाबाईंनी, पहिल्याच आठवड्यात. ऑपरेशन झालेलं माणूस हवेत धरून ठेवलं की कळवळतं. म्हणून उचललं की लगेच ठेवायचं, आणि ठेवलेलं त्याला कळता कामा नये. फुलाबाई म्हणायच्या, "मालन, आयेचं काम दिसलं म्हंजे चुकलं." पेशंट घरी जाताना डॉक्टरांच्या पाया पडायचे, सिस्टरला पेढे द्यायचे. आम्ही तोवर पुढच्या खाटेपाशी असायचो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट मी त्यात पटाईत आहे याचा मला अभिमान होता. आणि तोच अभिमान आष्ट्यात मला दोनदा नापास करून गेला होता.

मी परत येऊन वस्तादांना सांगितलं. त्यांनी पुस्तिका मिटली आणि कपाळावर हात मारला.

"माझी चूक," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या वस्तादानं बाईमाणसापुढं असं म्हणावं, मला कसंतरी झालं. "ते पान मी उलटलं. मला वाटलं, येतंय हिला."

"मलाबी तसंच वाटलं होतं की," मी म्हणाले.

"वजन तेवढंच ठेवू. कमी करता येत न्हाई. वाढवायचं न्हाई."

"ठेवा तेवढंच."

"आन् बाईंच्या हाताकडं बग. दुसरं कायबी बगू नको."

तिसऱ्यांदा नाव पुकारलं. मी शाल शबानाकडं दिली. दांड्याजवळ गेले. समोर बेडगकर बाई होत्या, त्यांचा हात वर होता. मी वाकले. पकड घेतली. श्वास भरला.

या वेळी ते जड आलं. तीनदा उचललेलं शंभर किलो पहिल्याइतकं हलकं राहत नाही, त्यातून डोक्यात खोली. गुडघ्यांपाशी दांडा क्षणभर अडला. मागून वस्तादांचा आवाज आला, "ओढ!" आणि तो सुटला. मी वर आले. गुडघे ताठ झाले. माझे हात सवयीनं खाली जायला निघाले होते, ते मी आवरले. बाईंच्या हाताकडं बघितलं.

हात वरच.

मला कळेना. मी उभी आहे, हलत नाही, मग ही बाई हात खाली का आणत नाही? पंजे सुटायला लागले. दांडा बोटांच्या टोकांकडं सरकत होता. नियम असा आहे की त्या वेळी पंचानं काही बोलायचं नाही, आणि बाई बोलल्या नाहीत. फक्त माझ्या खांद्यांकडं बघत राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं. मी वाकलेली होते. पाय सरळ, कंबर सरळ, पण खांदे पुढं आणि मान खाली. सोळा वर्षं माणसांवर वाकून वाकून मला ते सरळच वाटत होतं.

मी खांदे मागं घेतले. छाती पुढं आली. मान वर उचलली. ते करायला मला शंभर किलो उचलण्याहून जास्त जोर लागला, हे मी आज कुणालाही शपथेवर सांगेन. मान वर झाली आणि पहिल्यांदा अख्खा हॉल मला दिसला. पहिली रांग, आण्णा, मागच्या रांगांतली पोरं, दाराशी उभे राहिलेले कार्यालयाचे आचारी. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं. चाळीस वर्षांत एवढ्या माणसांनी एकदम माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. लाज वाटेल असं वाटलं होतं. ती वाटली नाही. हातात शंभर किलो होतं आणि ते मी धरलं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मला फार बरं वाटलं. अजून थोडा वेळ धरायला सांगितलं असतं तरी मी धरलं असतं.

"डाउन," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात खाली आला.

मी खाली ठेवलं. आवाज झाला, होऊ दिला.

तिन्ही दिवे पांढरे लागले. शबानानं शाल हवेत फेकली, ती एका पंचाच्या डोक्यावर पडली. वस्ताद बाजूला वळले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले. घाम होता म्हणे.

माझी टोटल दोनशे वीस किलो झाली आणि गटात माझा दुसरा नंबर आला. गटात मी आणि दुसऱ्या तालमीची एक, अशा दोघीच होतो, हेही सांगून टाकते. पण कागदावर माझ्या नावापुढं रेघ नव्हती, आकडा होता.

जेवणाच्या हॉलमध्ये मसालेभाताच्या पंगती लागल्या होत्या. आण्णा खोत चार माणसांच्या घोळक्यात हात धुवायला निघाले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. शाल घेतली नव्हती.

"आण्णा, टोटल आणली."

"बघितलं की," आण्णा म्हणाले. "झकास. बायकांच्या मानानं चांगलंच हाय."

"मग खोलीचं?"

"बघू. मिटिंगीत मांडतो. असं उभ्याउभ्या काय ठरतंय व्हय?"

आदल्या दिवसापर्यंतची मी असते तर "बरं आण्णा" म्हणून तिथून गेले असते. मोठ्या माणसानं बघू म्हटलं की आपण बाजूला व्हायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण माझे खांदे अजून मागंच होते. मी हललेच नाही. नुसती त्यांच्याकडं बघत उभी राहिले.

"काय गं?" आण्णा म्हणाले.

"काही नाही."

"मग वाट सोड की."

मी उभी होते. आण्णांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. घोळक्यातली माणसं बोलायची थांबली होती. पंगतीत वाढणाऱ्या एकानं भाताची परात तशीच धरून आमच्याकडं तोंड केलं. आण्णांचा पुतण्या हात पुसत आला आणि तोही थांबला. त्यानं सकाळी माझं तिन्ही वेळचं उचलणं पाहिलं होतं. "काका," तो हळूच म्हणाला, "सभेत तुमीच म्हणला हुता."

आण्णांनी त्याच्याकडं रागानं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. किती वेळ गेला कोण जाणे. मला घाई नव्हती.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "खोली तुमची."

"मोठ्यानं," मी म्हणाले. "वस्ताद लांब बसल्यात."

"खोली बायकांची!" आण्णा ओरडले. पंगतीतल्या सगळ्या माना वर झाल्या.

तेव्हा कुठं मी त्यांची वाट सोडली.